संगणकीय खेळांच्या लिनक्स आवृत्तीचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकावर खेळावयाचे बहुतेक खेळ मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ह्या कार्यप्रणालीसाठी तयार होतात. लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली वापरणाऱ्यांची मागणी अशी की, खेळनिर्मात्याने त्यांच्यासाठीही स्वतंत्र आवृत्ती काढावी. ही मागणी न्याय्य आहे काय, आणि न्याय्य असल्यास व्यवहार्य आहे काय, हे दोन प्रश्न वास्तविक निरनिराळे आहेत. परंतु चर्चेत त्यांची पुष्कळदा गल्लत होते. एक पक्ष केवळ ग्राहकाच्या हक्काविषयी बोलतो व दुसरा केवळ विक्रीच्या आकड्यांविषयी. प्रस्तुत लेखात प्रथम तांत्रिक बाजू, नंतर इतिहास व खर्च, आणि अखेरीस आपल्या परिसराच्या दृष्टीने निघणारा निष्कर्ष अशा क्रमाने विवेचन करावयाचे योजिले आहे.

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. लोणी, संगमनेर इत्यादी ठिकाणची अभियांत्रिकी महाविद्यालये ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात प्रयोगशाळेसाठी ६४-बिट मुक्त लिनक्स अथवा तिचा एखादा प्रकार वापरण्याची शिफारस आढळते. म्हणजे विद्यार्थी शिकतो लिनक्सवर. परंतु तोच विद्यार्थी पुढे खेळ तयार करू लागला की त्याची पहिली, आणि बहुधा एकमेव, आवृत्ती विंडोजची असते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ ह्या खेळाचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. प्राचीन भारताची पार्श्वभूमी असलेला हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर, व त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोज, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन ह्यांवर प्रसिद्ध झाला. त्याची स्वतंत्र लिनक्स आवृत्ती निघाली नाही. त्यासाठी वापरलेले अनरिअल इंजिन लिनक्ससाठी यंत्रसंहिता निर्माण करू शकते, तरीही असे घडले. मात्र ह्यावरून निर्मात्यांना दोष देणे घाईचे होईल. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा त्यांचा प्रयत्न अयशस्वी झाला होता, आणि त्यानंतर हा खेळ पदरमोड करून पुढे न्यावा लागला. अशा स्थितीत चार प्रकारच्या यंत्रांवर खेळ नेणे हेच मोठे काम होते. पाचव्या आवृत्तीचा प्रश्न हा इच्छेपेक्षा शक्तीचा प्रश्न असतो.

२. दोन मार्ग

लिनक्सच्या वापरकर्त्यापर्यंत खेळ पोहोचविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग स्वतंत्र आवृत्तीचा. खेळाची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर, लिनक्ससाठी पुन्हा संकलित करावयाची. चित्रांसाठी ओपनजीएल किंवा व्हल्कन आणि ध्वनी, खिडक्या व कळफलक ह्यांसाठी लिनक्सवरील लायब्रऱ्या वापरावयाच्या. दुसरा मार्ग अनुवादाचा. विंडोजसाठी तयार झालेली यंत्रसंहिता तशीच ठेवावयाची, आणि ती विंडोजकडे ज्या ज्या सेवांची मागणी करील त्या सेवा मधल्या एका स्तराने लिनक्सकडून मिळवून द्यावयाच्या. १९९३ मध्ये सुरू झालेला ‘वाइन’ हा प्रकल्प म्हणजे असा अनुवादक स्तर होय. व्हॉल्व्ह ह्या कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘प्रोटॉन’ हा वाइनवरच आधारलेला आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनुवादक स्तर संगणकाच्या प्रक्रियकाची नक्कल करीत नाही. विंडोज व लिनक्स ही दोन्ही एकाच प्रकारच्या प्रक्रियकावर चालत असल्याने खेळातील गणिते, शत्रूच्या हालचाली, वस्तूंची टक्कर इत्यादी भाग कोणत्याही अनुवादाशिवाय थेट चालतो. अनुवाद होतो तो फक्त कार्यप्रणालीला केलेल्या विनंत्यांचा. चित्रांच्या बाबतीत विंडोजची डायरेक्ट३डी ही पद्धत ‘डीएक्सव्हीके’ नावाच्या लायब्ररीकडून व्हल्कनमध्ये रूपांतरित होते. हे रूपांतर फुकट होत नाही, परंतु बहुसंख्य खेळांत त्याचा भार खेळणाऱ्याच्या लक्षात येण्याइतका नसतो.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे भाषांतराचा जुना वाद आठवेल. ह्याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी ही गीतेचे शब्दशः भाषांतर नव्हे. मराठीच्या प्रकृतीने घडलेली ती स्वतंत्र रचना आहे, आणि म्हणूनच तिचे मोल आहे. स्वतंत्र लिनक्स आवृत्तीचे पुरस्कर्ते अशाच प्रकारचा युक्तिवाद करतात. परंतु ही तुलना फार ताणता येत नाही. काव्यात अर्थ पोहोचला तरी रस हरवू शकतो. यंत्राला दिलेल्या आज्ञेचा अर्थ पूर्णपणे पोहोचला, तर तिच्यात हरवण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा ‘स्वतंत्र ते श्रेष्ठ’ हे तत्त्व येथे गृहीत धरता येत नाही. ते प्रत्येक वेळी सिद्ध करावे लागते.

३. पूर्वानुभव

स्वतंत्र आवृत्त्यांचा इतिहास लिनक्सच्या उदयाइतकाच जुना म्हणता येईल. लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी १९९१ मध्ये लिनक्स प्रसिद्ध केल्यानंतर तीनच वर्षांनी, १९९४ मध्ये, इड सॉफ्टवेअरचा ‘डूम’ हा खेळ लिनक्सवर आला. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या लोकी सॉफ्टवेअर ह्या अमेरिकन कंपनीने तर इतरांचे विंडोजवरील खेळ लिनक्सवर आणणे हाच व्यवसाय केला. कंपनीचे काम उत्तम होते. परंतु ग्राहक पुरेसे नव्हते, आणि २००२ च्या आरंभी ती बंद पडली. तिच्या काळात वाढीस लागलेली ‘एसडीएल’ ही लायब्ररी मात्र आजही असंख्य खेळांचा पाया आहे. व्यवसाय बुडाला पण साधने उरली, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसरा मोठा प्रयत्न व्हॉल्व्हचा. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिचे ‘स्टीम’ हे विक्रीकेंद्र लिनक्सवर आले. तत्पूर्वी ऑगस्ट २०१२ मध्ये तिने प्रसिद्ध केलेल्या मापनांनुसार ‘लेफ्ट ४ डेड २’ हा खेळ त्याच यंत्रावर विंडोज ७ खाली सेकंदास २७०.६ चित्रे दाखवीत होता, तर लिनक्सवर ३१५. म्हणजे काळजीपूर्वक केलेली स्वतंत्र आवृत्ती मूळ आवृत्तीहूनही वेगवान होऊ शकते, हे सिद्ध झाले. तथापि २०१५ च्या अखेरीस बाजारात आलेली ‘स्टीम मशीन’ ही लिनक्सवर चालणारी यंत्रे अपयशी ठरली. त्या यंत्रांवर केवळ स्वतंत्र आवृत्ती असलेले खेळच चालत, आणि असे खेळ थोडे होते. खेळ नाहीत म्हणून ग्राहक नाहीत, व ग्राहक नाहीत म्हणून खेळ नाहीत, असे हे दुष्टचक्र होते.

हे चक्र फोडले ते प्रोटॉनने. फेब्रुवारी २०२२ मध्ये विक्रीस आलेल्या ‘स्टीम डेक’ ह्या हातातील यंत्रावर लिनक्स असूनही विंडोजचे हजारो खेळ चालू लागले, आणि निर्मात्यांवर स्वतंत्र आवृत्तीची सक्ती करावी लागली नाही. स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथमच तीन टक्क्यांवर गेला. स्वतंत्र आवृत्त्यांच्या आग्रहाने जे साधले नाही ते अनुवादाने साधले, हे मान्य करणे प्राप्त आहे.

४. खर्चाचा हिशेब

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातील एका लहान संस्थेच्या खेळाच्या १०,००० प्रती विकल्या जातात, प्रतीची किंमत ५०० रुपये आहे, आणि विक्रीकेंद्राचे ३० टक्के वजा जाता संस्थेच्या हाती ३५० रुपये येतात. ग्राहकांपैकी तीन टक्के, म्हणजे ३००, लिनक्सवाले आहेत. हे सर्व केवळ स्वतंत्र आवृत्तीमुळेच मिळाले असे धरले, तर तिचे उत्पन्न १,०५,००० रुपये होते. परंतु त्यांतील २४० जणांनी प्रोटॉनच्या भरवशावर खेळ घेतलाच असता असे मानल्यास खरी भर ६० प्रतींची, म्हणजे २१,००० रुपयांची ठरते. एवढ्या रकमेत परीक्षकाचा एक महिन्याचा पगारही कदाचित भागणार नाही. येथील आकडे कल्पित आहेत. रीत मात्र ध्यानात घ्यावी. हिशेब एकूण लिनक्स ग्राहकांचा नव्हे, तर स्वतंत्र आवृत्तीवाचून जे आले नसते त्यांचाच करावयाचा असतो.

खर्चाची दुसरी बाजू तक्रारींची. ह्याविषयी दोन परस्परविरोधी अनुभव जाहीर झालेले आहेत. २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या ‘प्लॅनेटरी ॲनिहिलेशन’ ह्या खेळाच्या एका निर्मात्याने पुढे २०१९ मध्ये सांगितले की, विक्रीत लिनक्सचा वाटा सुमारे ०.१ टक्का असताना खेळ कोसळल्याचे अहवाल व साहाय्याच्या मागण्या ह्यांत तो २० टक्के होता, आणि त्यांतील बहुतेक ड्रायव्हरशी संबंधित होत्या. ह्याउलट ‘डेल्टा-व्ही : रिंग्ज ऑफ सॅटर्न’ ह्या खेळाच्या पोलिश निर्मात्याने २०२१ मध्ये दिलेला हिशेब असा : सुमारे १२,००० प्रतींपैकी ७०० लिनक्सवर गेल्या, आणि १,०४० दोष-अहवालांपैकी सुमारे ४०० लिनक्सवाल्यांचे होते. प्रथमदर्शनी ५.८ टक्के ग्राहकांनी ३८ टक्के तक्रारी केल्या असे दिसते. परंतु त्या ४०० पैकी केवळ ३ दोष लिनक्सपुरते होते. उरलेले सर्व कार्यप्रणालींवर होते आणि लिनक्सवाल्यांनी ते नेमकेपणाने नोंदवून दिले होते. निर्मात्याच्या दृष्टीने हा खर्च नव्हे, विनामूल्य परीक्षण होते.

हा विरोध कसा उलगडावा? पहिल्या खेळाचे इंजिन त्या संस्थेने स्वतः घडविलेले होते आणि तेव्हाचे ड्रायव्हर अपरिपक्व होते. दुसरा खेळ ‘गोडो’ ह्या मुक्त इंजिनावर बांधलेला होता, आणि कार्यप्रणालींतील भेद झेलण्याचे काम इंजिनच करीत होते. तात्पर्य, स्वतंत्र आवृत्तीचा खर्च ठरतो तो मुख्यतः निर्मात्याने आरंभी निवडलेल्या साधनांवरून. जो निर्माता पहिल्या दिवसापासून दोन्हींवर खेळ चालवून पाहतो, त्याला दुसरी आवृत्ती स्वस्त पडते. जो अखेरीस तिचा विचार करतो, त्याला ती महाग पडते. फाइलींच्या नावांचे साधे उदाहरण घ्या. विंडोज रोमन लिपीतील लहान व मोठ्या अक्षरांत भेद मानीत नाही, लिनक्स मानते. प्रारंभीच शिस्त पाळली तर ही अडचण उद्भवत नाही. खेळ पूर्ण झाल्यावर मात्र हजारो फाइली तपासत बसावे लागते.

५. टिकाऊपणाचा प्रश्न

स्वतंत्र आवृत्ती अधिक टिकाऊ असते, असा समज आहे. अनुभव बरोबर उलट आहे. लोकीच्या काळातील खेळ ध्वनीसाठी ज्या पद्धतीवर अवलंबून होते तिची जागा पुढे अल्सा, पल्सऑडिओ व पाइपवायर ह्यांनी क्रमाने घेतली. ऑगस्ट २०२२ मध्ये लिनक्सच्या मूलभूत सी-लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत एक जुना शोधतक्ता वगळला गेला, आणि त्यावर विसंबलेली, खेळातील लबाडी रोखणारी एक आज्ञावली एकाएकी बंद पडली. विंडोज मात्र आपला जुना करार कटाक्षाने पाळते, आणि वाइनलाही तोच करार पाळावा लागतो. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या खेळाची विंडोज आवृत्ती आजच्या लिनक्सवर चालते व त्याच खेळाची लिनक्स आवृत्ती चालत नाही, असा विचित्र प्रकार घडतो. ठराविक लायब्रऱ्यांचा संच खेळासोबत बंदिस्त करून देण्याची स्टीमची योजना हा ह्यावरील उपाय आहे. पण तो त्या विक्रीकेंद्रापुरता.

शिवाय निर्मात्याचे मन बदलू शकते. ‘रॉकेट लीग’ ह्या खेळाची स्वतंत्र लिनक्स आवृत्ती होती. मार्च २०२० मध्ये तिला मिळणारे ऑनलाइन साहाय्य थांबविण्यात आले. अनुवादाच्या मार्गालाही अशा निर्णयाचा धोका आहेच. ‘एपेक्स लेजेंड्स’ हा खेळ प्रोटॉनवर व्यवस्थित चालत असताना, लबाडी रोखण्याचे कारण देऊन, २०२४ च्या अखेरीस लिनक्सवाल्यांना बंद करण्यात आला.

ह्या सर्वांतून तगून राहिला तो डूम. डिसेंबर १९९७ मध्ये त्याची मूळ संहिता प्रसिद्ध करण्यात आली, आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या यंत्रावर कोणी ना कोणी ती नव्याने संकलित करीत आले आहे. चित्रे, ध्वनी व कथानक ह्यांवरील हक्क कंपनीकडेच राहिले. केवळ यंत्रणा मुक्त झाली. म्हणून टिकाऊपणाचा विचार करताना खरा भेद विंडोज आवृत्ती व लिनक्स आवृत्ती असा नसून, बंद यंत्रसंहिता व उपलब्ध मूळ संहिता असा आहे.

६. आपल्या परिसराचा विचार

येथवरचे विवेचन स्वतंत्र आवृत्तीच्या विरुद्ध जाणारे वाटेल. परंतु दोन गोष्टी अद्याप विचारात घेतल्या नाहीत, आणि आपल्या दृष्टीने त्याच महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट जुन्या यंत्रांची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य संपले, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० व तुलनेने नवा प्रक्रियक लागतो. ज्या शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत ह्या अटींत न बसणारी यंत्रे आहेत, त्यांना यंत्रे टाकून न देता वापरावयाची असतील तर लिनक्स हा सरळ पर्याय आहे. पण नेमक्या ह्याच यंत्रांवर अनुवादक स्तर लंगडा पडतो. नोव्हेंबर २०२२ मधील डीएक्सव्हीकेच्या दुसऱ्या आवृत्तीपासून व्हल्कन १.३ आवश्यक झाले आहे, आणि २०१३ च्या सुमाराच्या चौथ्या पिढीच्या इंटेल संगणकांतील अंगभूत चित्रप्रक्रियक ती पातळी गाठत नाहीत. ओपनजीएलमार्गे अनुवाद करण्याची जुनी सोय आहे, पण ती मंद आहे. उलट ओपनजीएलवर आधारलेली साधी स्वतंत्र आवृत्ती त्याच यंत्रावर सुरळीत चालू शकते. श्रीमंत ग्राहकाच्या नव्या यंत्राला अनुवाद पुरतो. तालुक्याच्या शाळेतील जुन्या यंत्राला तो पुरत नाही. म्हणून शैक्षणिक खेळांच्या बाबतीत स्वतंत्र आवृत्तीची मागणी केवळ न्याय्यच नव्हे, तर आवश्यक ठरते. ‘टक्स पेंट’ ह्या मुलांच्या चित्रकलेच्या मुक्त आज्ञावलीने, जी मराठीतही उपलब्ध आहे, हा मार्ग २००२ पासून चोखाळला आहे.

दुसरी गोष्ट मराठी अक्षरांची. देवनागरीत ऱ्हस्व इकार उच्चारानंतर येत असला तरी लिहिताना आधी येतो आणि जोडाक्षरे आकार बदलतात. म्हणून अक्षरे एकापुढे एक मांडणाऱ्या साध्या इंजिनात मराठी मजकूर मोडका दिसतो. मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोडोच्या चौथ्या आवृत्तीत अशा लिप्यांची यथायोग्य मांडणी करण्याची सोय आली. परंतु मंगल किंवा निर्मला हे टंक विंडोजचे आहेत. त्यांच्या भरवशावर केलेला खेळ लिनक्सवर नेल्यास अक्षरांच्या जागी चौकटी दिसण्याचा संभव असतो, मग मार्ग अनुवादाचा असो वा स्वतंत्र आवृत्तीचा. ह्यावर उपाय सोपा आहे : मुक्त परवान्याचा लोहित किंवा मुक्ता ह्यांसारखा टंक खेळासोबतच द्यावा. मराठी खेळाच्या निर्मात्याने लिनक्सवर एकदा तरी खेळ चालवून पाहावा, ह्याचे हे एक स्वतंत्र कारण होय.

७. निष्कर्ष

सारांश, ‘स्वतंत्र लिनक्स आवृत्ती काढावी काय?’ ह्या प्रश्नाला सरसकट उत्तर देणे योग्य होणार नाही. जो खेळ नव्या, समर्थ यंत्रांसाठी आहे व विक्रीकेंद्रामार्फत विकला जातो, त्याच्या लहान निर्मात्याने स्वतंत्र आवृत्तीचे आश्वासन देऊ नये. त्याने विंडोज आवृत्ती प्रोटॉनवर तपासावी, तेथील दोष दूर करावेत आणि लिनक्सवाल्यांना वाट बंद करणारी साधने वापरू नयेत. ही किमान जबाबदारी प्रत्येकावर आहे, कारण तिचा खर्च अल्प आहे. जो खेळ शाळांसाठी, जुन्या यंत्रांसाठी किंवा विक्रीकेंद्राबाहेर वाटण्यासाठी आहे, त्याची स्वतंत्र आवृत्ती काढावी, आणि ती काढावयाची हे इंजिन निवडतानाच ठरवावे. आणि जो खेळ आपल्या पश्चातही राहावा असे निर्मात्यास वाटते, त्याच्या विक्रीचा भर ओसरल्यावर मूळ संहिता प्रसिद्ध करावी. निकृष्ट स्वतंत्र आवृत्ती काढून ती वाऱ्यावर सोडणे हा मात्र सर्वांत वाईट पर्याय होय. त्यात ग्राहकाची फसगत होते आणि निर्मात्याचे नावही जाते.

राहता राहिला परीक्षणाच्या खर्चाचा प्रश्न. प्रवरेच्या काठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो एकट्या शेतकऱ्याला न परवडणारे यंत्र सर्वांनी मिळून उभारता येते ह्या विचाराने. निरनिराळ्या पिढ्यांची यंत्रे व लिनक्सचे निरनिराळे प्रकार बाळगणे एका लहान संस्थेला परवडत नाही. परंतु जिल्ह्यातील प्रयोगशाळांत ही सामग्री अभ्यासक्रमाच्या निमित्ताने आधीच जमलेली असते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून मराठी व भारतीय खेळ ह्या यंत्रांवर पद्धतशीरपणे तपासावेत, कोणता मार्ग कोणत्या यंत्रावर किती वेगाने चालतो ह्याची मापने घ्यावीत, आणि दोषांचे अहवाल निर्मात्यांकडे पाठवावेत. निर्मात्याला परीक्षक मिळतील, विद्यार्थ्याला खरे काम मिळेल, आणि आज तर्काने मांडलेले वरील काही निष्कर्ष मापनांच्या कसोटीवर टिकतात की नाही, हेही त्यातून ठरेल.